दिवस गेले की पाळी गेली? चाळिशीनंतर आधी चाचणी, मग निष्कर्ष

मराठीत ‘दिवस गेले’ म्हणजे बाई गरोदर आहे आणि ‘पाळी गेली’ म्हणजे आता तिला मूल होणार नाही. अर्थ अगदी उलटे, पण दोन्हींची सुरुवात एकाच गोष्टीने होते: या महिन्यात पाळी आली नाही. पंचविशीतल्या मुलीची पाळी चुकली तर घरातली आजीसुद्धा लगेच पहिला अर्थ काढते. पंचेचाळिशीतल्या बाईची चुकली तर नवरा, सासू, शेजारीण आणि कधीकधी डॉक्टरही दुसरा अर्थ काढून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण ज्या वेळी तो चुकतो, त्या वेळी त्याची किंमत एकटी बाई मोजते.

डिजिटल डेस्कवर काम करताना वाचक काय शोधतात ते रोज दिसतं. ‘पाळी बंद होत असताना गरोदर राहता येतं का’ हा त्यातला नेहमीचा प्रश्न. विचारणाऱ्या दोन प्रकारच्या असतात. एकीला मूल नको आहे आणि तिला धास्ती वाटते. दुसरीला मूल हवं आहे आणि तिला आशा वाटते. दोघींना मिळणारी उत्तरं मात्र अर्धवट असतात. पहिलीला सांगितलं जातं, ‘आता या वयात काय व्हायचंय?’ दुसरीला सांगितलं जातं, ‘आजकाल काहीही शक्य आहे.’ दोन्ही वाक्यं खोटी आहेत. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

रजोनिवृत्ती नेमकी कधी झाली म्हणायची?

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्याला गरोदरपण, अंगावर पाजणं, औषधं किंवा दुसरा आजार असं कारण नाही, तर शेवटच्या पाळीचा दिवस हा रजोनिवृत्तीचा दिवस मानतात. म्हणजे ही गोष्ट घडते तेव्हा कळतच नाही. ती वर्षभराने मागे वळून पाहिल्यावर कळते. भारतात हे वय सरासरी ४६-४७ वर्षं आहे, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास.

त्याआधीचा जो काळ असतो त्याला रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणाचा काळ म्हणता येईल. तो साधारण चार वर्षांचा असतो. कुणाचा दोन वर्षांत संपतो, कुणाचा आठ वर्षं चालतो. या काळात पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येत नाही, कधी एकदम खूप जाते. आपल्याकडे या सगळ्या काळालाच ‘पाळी गेली’ म्हणून टाकतात आणि घोळ इथेच होतो. कारण या काळात पाळी अनियमित झालेली असते, बीजांड तयार होणं पूर्ण थांबलेलं नसतं.

‘रक्ताची एक तपासणी करून टाकू, म्हणजे कळेल’ असंही अनेकींना वाटतं. एफएसएच नावाचं संप्रेरक या वयात वाढतं हे खरं. पण संक्रमणाच्या काळात ते एका महिन्यात खूप वाढलेलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उतरलेलं दिसू शकतं. एका दिवसाच्या रिपोर्टवरून ‘आता काळजी नाही’ असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

शरीरात काय चालू असतं?

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजांडं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास हजारभर. नवी बीजांडं तयार होत नाहीत. त्यामुळे चाळीस वर्षांच्या बाईचं बीजांडही चाळीस वर्षांचंच असतं.

साठा आटत आला की काय होतं, ते आमच्या भागातल्या कुणाही शेतकऱ्याला पटकन कळेल. एप्रिल-मे महिन्यात बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर जास्त वेळ चालवावी लागते. कधी नुसती हवा येते, कधी अचानक जोराची धार लागते. एफएसएचचं काम त्या मोटरसारखं आहे. अंडाशय प्रतिसाद देईना की मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी हे संप्रेरक जास्त सोडते. बरेच महिने काहीच हाती लागत नाही. मग एखाद्या महिन्यात बीजांड बाहेर पडतं. या वाढलेल्या जोरामुळे कधी एकाच वेळी दोन बीजांडंही सुटतात. पस्तिशी ओलांडल्यावर नैसर्गिक जुळ्यांचं प्रमाण वाढतं, त्याचं एक कारण हेच.

आणि बीजांड बाहेर पडतं ते पाळी येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी. म्हणजे तीन महिने पाळी न आलेल्या बाईच्या शरीरात चौथ्या महिन्यात बीजांड सुटलं, तर त्याची कुठलीही सूचना तिला आधी मिळत नाही. पाळी यायच्या आधीच गर्भ राहू शकतो. ‘पाळीच नाही तर गर्भ कसा राहील?’ हा प्रश्न तर्काने बरोबर वाटतो, पण शरीराचा क्रम उलटा आहे.

शक्यता किती?

विशी-पंचविशीत दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता २० ते २५ टक्के धरतात. चाळिशीत ती ५ टक्क्यांच्या आसपास येते आणि पंचेचाळिशीत एक टक्का किंवा त्याहून कमी. आकडे लहान दिसतात. पण मी इंजिनिअरिंग शिकलेली आहे आणि आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते हे, की लहान शक्यता वारंवार घडणाऱ्या गोष्टीला लावली की ती लहान राहत नाही. साधा हिशोब करा. महिन्याला ५ टक्के म्हणजे साधन न वापरता वर्ष काढलं तर शक्यता ४६ टक्क्यांपर्यंत जाते. महिन्याला एक टक्का धरला तरी वर्षाला ११ टक्के, म्हणजे साधारण नवातली एक. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं आणि वर्षभरात शक्यता उतरतही जाते. तरी ‘शून्य’ आणि ‘नवातली एक’ यात फरक आहे.

या आकड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. चाळिशीनंतर गर्भ राहिला तरी तो टिकेलच असं नाही. पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक गर्भ आपोआप पडतात. डाउन सिंड्रोम असलेलं बाळ होण्याची शक्यता विशीत सुमारे दीड हजारात एक असते, चाळिशीत शंभरात एक आणि पंचेचाळिशीत तीसात एक. आईला रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह, वार खाली असणं, सिझेरियन यांचा धोका वाढतो. याचा अर्थ चाळिशीनंतर बाळ होऊ नये असा नाही. असंख्य बायकांची अशी बाळंतपणं सुखरूप होतात. अर्थ एवढाच, की या वयात गर्भ राहिला असेल तर तो लवकर कळणं जास्त महत्त्वाचं आहे. आणि नेमका याच वयात तो सगळ्यात उशिरा कळतो.

गावात हा प्रश्न विचारला का जात नाही?

माझं गाव फर्दापूर. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं, सोयगाव तालुक्यातलं. पर्यटक टी-पॉइंटवर उतरून बसने लेण्यांकडे जातात. गावातल्या बायका कापूस वेचायला, निंदायला, दुकानांत आणि हॉटेलांत कामाला जातात. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरवर, त्यामुळे मोठ्या दवाखान्याचं काम निघालं की काहीजण घाटी रुग्णालयाची वाट धरतात आणि काहीजण घाटाऐवजी खाली जळगावकडे वळतात. कुठेही गेलं तरी एक दिवसाची मजुरी जाते. त्यामुळे ‘जरा पाळी चुकली’ एवढ्यासाठी कुणी दवाखाना गाठत नाही.

आमच्याकडे पोरींची लग्नं लवकर होतात. विसाव्या-बाविसाव्या वर्षी दुसरं मूल आणि लगेच ऑपरेशन. चाळिशीत सून किंवा जावई घरात येतो. म्हणजे शरीराच्या हिशोबाने जननक्षम असलेली बाई नात्याच्या हिशोबाने आजी झालेली असते. आशाताईंनी विचारलंच, ‘काकू, पाळी कधी आली होती?’ तर उत्तर ठरलेलं असतं: ‘अगं, आता कुठली पाळी, सून आली घरात!’ या उत्तरात शरीराबद्दल काहीच माहिती नाही, ती आहे घरातल्या पायरीबद्दल. पण ऐकणारी गप्प बसते, कारण पुढचा प्रश्न विचारला तर तो अपमान ठरतो. सासूचे आणि सासऱ्यांचे संबंध अजून आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं ना!

२०१८मध्ये आलेला ‘बधाई हो’ हा हिंदी चित्रपट याच अवघडलेपणावर बेतलेला होता. लग्नाच्या वयाच्या मुलाची आई गरोदर राहते आणि घरच्यांना तोंड लपवावंसं वाटतं. सिनेमा पाहून आपण खूप हसलो. खऱ्या घरात मात्र लाज बाईच्याच वाट्याला येते आणि त्या लाजेपोटी ती आणखी दोन महिने कुणाला सांगत नाही.

गंमत म्हणजे सरकारी कागदावर ही बाई म्हातारी नाही. आरोग्य खात्याच्या लेखी प्रजननक्षम वय १५ ते ४९ आहे आणि जननक्षम जोडप्यांची नोंदवही त्याच वयाची असते. म्हणजे ४६ वर्षांची विवाहित बाई त्या वहीत असायला हवी. पण प्रत्यक्षात सगळं लक्ष नव्या नवरीवर, पहिलटकरणीवर आणि दोन मुलांच्या आईच्या ऑपरेशनवर असतं. ऑपरेशन झालं की व्यवस्थेच्या नजरेत त्या बाईचं काम संपलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना गर्भ राहण्याची शक्यता फारच कमी, आयुष्यभरात साधारण दोनशेत एकीला. पण राहिलाच तर तो नळीत राहण्याचा धोका मोठा असतो. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागलं, तर ‘पाळी जायची वेळ आली’ म्हणून घरी बसू नये. आणि उरलेल्या निम्म्यांपैकी ज्या निरोध, दिवस मोजणं किंवा ‘देवाच्या भरवशावर’ आहेत, त्यांच्यासाठी तर हा लेखच आहे.

उशिरा कळलं तर काय होतं?

इथे कायदा मध्ये येतो. गर्भपाताच्या कायद्याशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. ज्या समितीच्या शिफारशींवरून १९७१चा कायदा आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. २०२१च्या दुरुस्तीनंतरची स्थिती अशी: नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ती सवलत नियमात दिलेल्या ठरावीक वर्गांतल्या स्त्रियांनाच आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, दिव्यांग आणि असेच आणखी काही. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं.

या यादीत ‘पाळी जात आहे असं वाटल्याने उशिरा कळलं’ असा वर्ग नाही. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या यादीकडे उदार नजरेने पाहायला हवं असं म्हटलं आणि अविवाहित स्त्रियांनाही तो हक्क दिला. पण उशिरा कळण्याचं दुःख कायद्याला किती कळतं, हे ऑक्टोबर २०२३च्या एका प्रकरणात दिसलं. २७ वर्षांची, दोन मुलांची आई. धाकटं मूल अंगावर पीत होतं, त्यामुळे पाळी सुरूच झाली नव्हती. त्या काळात पुन्हा गर्भ राहिला हे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा चोवीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. आधी दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली, मग त्यांच्यात मतभेद झाले आणि शेवटी १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली.

ती तरुण होती, पण तिची अडचण आणि पंचेचाळिशीतल्या बाईची अडचण एकच: पाळी नव्हतीच, मग चुकली हे कळणार कसं? बाळंतपणानंतरच्या काळासाठी निदान डॉक्टर आणि आशाताई ‘साधन वापरा’ असं सांगतात तरी. चाळिशीनंतरच्या काळासाठी तेवढंही कुणी सांगत नाही.

मूल ठेवायचं ठरवलं तरी उशीर महागात पडतो. बाळात काही दोष आहे का हे पाहणारी पहिली महत्त्वाची सोनोग्राफी ११ ते १३ आठवड्यांत होते. पाचव्या महिन्यात दवाखान्यात पोचलेल्या बाईची ती संधी गेलेली असते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांवर लक्ष ठेवायचे सुरुवातीचे महिनेही गेलेले असतात.

मूल हवं आहे त्यांनी काय समजून घ्यावं?

‘साठाव्या वर्षी आई’, ‘सत्तरीत जुळी’ अशा बातम्या डिजिटल माध्यमांत तुफान वाचल्या जातात. सप्टेंबर २०१९मध्ये आंध्र प्रदेशातल्या गुंटूरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या बाईला जुळ्या मुली झाल्या. मार्च २०२४मध्ये गायक सिद्धू मूसेवाला याच्या आईला ५८व्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पंजाब सरकारकडे अहवाल मागितला. पण अशी बातमी देताना मथळ्यात एक गोष्ट क्वचितच येते: या वयातल्या गर्भधारणेत बीजांड बहुधा दुसऱ्या, तरुण स्त्रीचं असतं. गुंटूरमध्येही ते दात्या स्त्रीचंच होतं.

या तंत्राच्या भारतातल्या इतिहासात मुंबईचं नाव महत्त्वाचं आहे. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याच डॉ. हिंदुजांनी रजोनिवृत्ती झालेल्या किंवा अकाली अंडाशय थांबलेल्या स्त्रियांसाठी बीजांडदानाचं तंत्र विकसित केलं आणि त्यातून देशातलं पहिलं बाळ २४ जानेवारी १९९१ रोजी जन्माला आलं. या कामाने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली: संप्रेरकं दिली तर रजोनिवृत्तीनंतरही गर्भाशय गर्भ वाढवू शकतं. वय होतं ते मुख्यतः बीजांडाचं.

म्हणून चव्वेचाळिशीतल्या बाईला ‘आयव्हीएफ करा, होऊन जाईल’ असं सांगितलं जातं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारायला हवा: कुणाच्या बीजांडाने? स्वतःच्या बीजांडाने या वयात आयव्हीएफचं यश फारच कमी असतं. प्रयत्न कितीही महाग असला तरी पैशाने बीजांडाचं वय कमी होत नाही. ‘अंडाशय पुन्हा तरुण करणारी’ इंजेक्शनंही काही ठिकाणी विकली जातात. स्वतःच्याच रक्तातला घटक अंडाशयात टोचण्याचा हा उपचार अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. जमीन विकून तो करण्याइतका पुरावा त्यामागे नाही.

२५ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा घातली. बीजांड देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी, ती आयुष्यात एकदाच बीजांडं देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त घेता येत नाहीत. या मर्यादांवर वाद होऊ शकतो. माझ्या मते आईच्या जिवाचा आणि बाळाच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार करता पन्नास ही रेषा अन्यायाची नाही. अन्याय होतो तो, मूल हवं असलेल्या बाईला पस्तिशीत खरी माहिती न देता पंचेचाळिशीत आशा विकली जाते तेव्हा.

‘काम संपलं’ या समजाचं टोक

मूल झालं, ऑपरेशन झालं, आता पिशवीचं काय काम? हा समज कुठवर जातो ते मराठवाड्याने पाहिलं आहे. जून २०१९मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचं. त्यातल्या अनेक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

अंगावरून जास्त जाणं, पांढरं जाणं, पोट दुखणं या तक्रारींवर आधी तपासणी आणि औषधं हवीत. पण ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं एकदा कानावर पडलं की बाई घाबरते. पाळी आली की कामाचा खाडा आणि खाड्याचा दंड, हे गणितही मागे असतंच. गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं तर त्या दिवशीच रजोनिवृत्ती होते. अंडाशय ठेवलं तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते आणि हाडं-हृदयाच्या तक्रारी लवकर मागे लागतात.

पंचेचाळिशीतल्या बाईला गर्भाची चाचणी करायला न सांगणं आणि तिशीतल्या बाईची पिशवी काढून टाकणं, या दोन गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात. मला त्या एकाच विचाराच्या दोन बाजू वाटतात. बाईचं शरीर मूल देण्यापुरतं मोजायचं आणि ते काम झालं की त्याकडे पाहायचंच नाही.

साधन कधीपर्यंत वापरायचं?

डॉक्टरांच्या व्यवहारात साधारण हे नियम पाळले जातात:

• शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल, तर त्यानंतर दोन वर्षं साधन चालू ठेवा. पन्नाशीनंतर आली असेल, तर एक वर्ष. ५५नंतर सहसा गरज राहत नाही.

• चाळिशीनंतर बसवलेली कॉपर-टी रजोनिवृत्तीपर्यंत ठेवता येते. मग ती काढून घ्यायला विसरू नका.

• तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्यांची पाळी त्यानेच थांबू शकते. त्यावरून रजोनिवृत्तीचा अंदाज बांधू नका.

• संप्रेरकांच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या या वयात स्वतःच्या मनाने सुरू करू नका. रक्तदाब, मायग्रेन, तंबाखू-विडीची सवय असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

• गरम वाफा आणि घाम यांसाठी दिली जाणारी संप्रेरकांची औषधं गर्भनिरोधक नसतात.

• पाळी लांबली, थकवा आला, छाती दुखते, चिडचिड होते ही लक्षणं दोन्हींत सारखी असतात. लक्षणांवरून ठरवू नका. सकाळच्या लघवीची चाचणी करा, नकारात्मक आली आणि पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा करा. दुसरी रेघ फिकट दिसली तरी ती रेघच आहे.

• पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर ती ‘परत आलेली पाळी’ समजू नका. लगेच तपासून घ्या.

मग काय बदलायला हवं?

यावर एक आक्षेप येईल. असे प्रसंग थोडे, त्यासाठी सगळ्याच बायकांना का घाबरवायचं? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पंचेचाळिशीत पाळी चुकलेल्या बहुतेक बायका गरोदर नसतात. पण चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत असतं. एवढ्या स्वस्त तपासणीने एवढा मोठा घोळ टळत असेल तर ती न करण्याचं कारण फक्त संकोच आहे. आणि संकोच हे वैद्यकीय कारण नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत ४९ म्हणजे खरंच ४९ असावं. चाळिशीनंतरच्या प्रत्येक बाईला वर्षातून एकदा तरी दोन प्रश्न विचारले जावेत: शेवटची पाळी कधी आली आणि साधन कोणतं वापरता? दुसरी, चाळिशीतली बाई अनियमित पाळीची तक्रार घेऊन कुठल्याही दवाखान्यात गेली, तर गोळ्या लिहून देण्याआधी आणि पिशवी काढण्याचा सल्ला देण्याच्या तर फारच आधी, गर्भाची चाचणी व्हावी. तिसरी, वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीत ‘पाळी नसण्याच्या काळात राहिलेला आणि म्हणून उशिरा कळलेला गर्भ’ हा वर्ग स्पष्ट शब्दांत यावा. त्यात अंगावर पाजणारी आईही येईल आणि पाळी जाण्याच्या वाटेवरची बाईही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं ते १९२१मध्ये. शंभर वर्षं उलटून गेली. तेव्हा विषय काढणंच अवघड होतं. आज विषय निघतो, पण तो तरुण बायकांपुरता. घरातल्या मोठ्या बाईला हा प्रश्न विचारायला आपण अजून कचरतो.

हा लेख वाचणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आईची, काकूची, मावशीची पाळी दोन-तीन महिने आली नाही असं कानावर आलं तर ‘वय झालं’ म्हणून विषय संपवू नका. मेडिकलमधून एक किट आणून द्या किंवा आशाताईंना घरी बोलवा. रेघ एक आली तर रजोनिवृत्तीबद्दल, तिच्या झोपेबद्दल, हाडांबद्दल बोलायला सुरुवात झाली. दोन आल्या, तर पुढचं काय करायचं ते ठरवायला तिच्या हातात वेळ आहे. आणि ते ठरवण्याचा हक्क तिचाच आहे.